पांढऱ्या चादरीवरची काच

जालना,
१८ जानेवारी २०२५

प्रिय संतोष,

तुझ्या अमनचा फोन आला होता. तुझं घर विकलं म्हणाला. घेणाऱ्यांना मार्चअखेर रिकामं करून हवं आहे, पाडून तिथे दुकानं काढणार आहेत. पलंग, कपाटं, पितळ यांचं तुझा दीर रामनिवास बघतो आहे. काचेचं काय करायचं ते मात्र दोघांनाही कळत नाही. "काकू, त्यातलं तुम्हालाच कळतं," अमन म्हणाला. "एक रविवार बसा. जाईल तेवढं विका, उरलं ते भंगारवाल्या राधेश्यामला लॉटमध्ये देऊन टाका." दोन मार्चचा रविवार त्याने ठरवूनसुद्धा टाकला आहे.

मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर मनात आलं, कुणाला विचारून हो म्हटलं?

म्हणून हे पत्र. दीड वर्षानंतर. फोन करत नाही, कारण फोनवर तू गप्प राहिलीस तर ते मला ऐकू येईल. पत्राला गप्प राहिलीस तर ते सुरतेलाच राहील.

मला एवढंच हवं आहे, की 'विक' असं तू स्वतः मला म्हण. अमनने सांगितलेलं चालणार नाही. तुझ्या कपाटातली कुठली बाटली कुठल्या गावच्या गोणपाटावरून उचलली, तेव्हा तू कुठली साडी नेसली होतीस आणि विकणाऱ्याला काय टोमणा मारला होतास, ते सगळं मला पाठ आहे. पण वस्तू तुझ्या आहेत. तुझा शब्द आल्याशिवाय मी कुलूप काढणार नाही.

न सांगता का गेलीस, ते मी विचारत नाही. रामनिवास भावजींनी दारातच सांगितलं, "भाभी सुरतेला गेली, आता तिकडेच राहणार." त्यांच्या हातात दुधाची पिशवी होती, आणि ते मला आत या म्हणाले नाहीत. त्यानंतर तुझा फोन बंद, आणि अमन दर वेळी "मम्मी आराम करतेय, सांगतो" एवढंच म्हणायचा. तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर मी फोन करणं सोडलं. मलाही थोडा मान आहे.

बाकी मी मजेत. टेंभुर्णीच्या बाजाराला अजून जाते. सोबतीला दैवशाला असते, खालच्या मजल्यावरची. तिलाही काचेचा चांगलाच नाद लागला आहे. आमचं छान जमतं.

एका ओळीचं उत्तर पुरे.

तुझी,
उषा


जालना,
३० जानेवारी

प्रिय संतोष,

टपालाला वेळ लागतो, हे मला माहीत आहे. हे स्मरणपत्र नाही. काल टेंभुर्णीला जे मिळालं ते तुला सांगितल्याशिवाय राहवेना, एवढंच.

बाजाराच्या अगदी टोकाला, लोखंडी घमेली आणि जुने नांगराचे फाळ घेऊन बसतात ना, त्यांच्यापलीकडे एक म्हातारी बसली होती. पुढ्यात फाटकं पोतं, त्यावर सायकलची घंटी, दोन कुलुपं, एक बिनकानाचा कप आणि एक दौत. शाईची साधी, चौकोनी, जाड बुडाची दौत. मी उचलली आणि उन्हात धरली. संतोष, ती जांभळी होती. रंगवलेली नव्हे. फुलं सुकताना कडेला जो रंग येतो, तसा जांभळा. म्हातारी म्हणाली, "पांढरीच व्हती बाई. माळवदावर पडून ऱ्हायली वर्सानुवर्सं, उन्हानं अशी झाली."

तू मला हेच सांगितलं होतंस. जुन्या काचेत असं काही असतं की ऊन खाऊन खाऊन तिला रंग चढतो, आणि ज्या घराचं छप्पर गेलं त्याच घरातली काच जांभळी होते. तेव्हा मला ते तुझं मारवाडी दुकानदारीचं बोलणं वाटलं होतं. काल ती दौत गालाला लावली. ऊन खाऊनही गार होती.

मग मी आपली रीत विसरले. तू असतीस तर घंटीला हात घातला असतास, घंटीवरून म्हातारीशी चांगली भांडली असतीस, आणि शेवटी "जाऊ दे, ही दौत वर टाक" म्हणून घेऊन आली असतीस. मी सरळ किंमत विचारली आणि सांगितली तेवढी दिली. म्हातारीला इतका आनंद झाला की तिने घंटीच मला वर टाकून दिली. आता माझ्याकडे सायकलची घंटी आहे.

परत येताना एसटीत शाळेची आठवण आली. चॅपलची, प्रार्थनाघराची, ती रंगीत खिडकी. दुपारच्या प्रार्थनेला फरशीवर लाल आणि निळे तुकडे पडायचे आणि तू हळूच हात पुढे करून तळव्यावर लाल घ्यायचीस. मी केदारखेड्याहून आलेली, बोर्डिंगात राहणारी. घरी काचेचं म्हणून एक आरसा तेवढा होता. आणि तू पेठेतली, डबीत बदामाची चिक्की आणणारी. सिस्टर म्हणाल्या, "देवाच्या खिडकीशी खेळू नका." तू मारवाडी मराठीत पुटपुटलीस, "खिडकी देवाची, पण ऊन तर आपलंच हाय ना." मला हसू फुटलं आणि आपण दोघी बाहेर उभ्या. आपली मैत्री तिथली, व्हरांड्यातली.

आमचे भागवत साखर कारखान्यात केमिस्ट होते, आणि अंकुशनगरच्या कॉलनीत सगळ्या बायका क्रोशाचे रुमाल करायच्या, तेव्हा मी तुझ्या पत्रांवर दिवस काढत होते. 'अंबडच्या भंगारात एक निळी हंडी आली आहे, ये.' एवढंच लिहायचीस. आणि मी यायचे. भागवत म्हणायचे, "तुला माहेरं दोन आहेत. एक केदारखेडा आणि एक भंगार."

आपलं शेवटचं भांडणही अंबडलाच झालं. एका निळ्या बाटलीवरून. तू म्हणालीस, "तुला काच कळत नाही, उषा. तू नुसता रंग बघतेस." परतीच्या गाडीत तू खिडकीशी बसलीस आणि जालना येईपर्यंत बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी तू सुरतेला निघून गेलीस. एका बाटलीवरून माणूस गाव सोडतं का, याचा मी पुष्कळ विचार केला. आता करत नाही.

दैवशाला मजेत आहे. तिनेही काल एक बरणी घेतली.

तुझी,
उषा


जालना,
१४ फेब्रुवारी

प्रिय संतोष,

कुलूप काढणार नाही म्हटलं होतं. काढलं. अमनने कुरिअरने किल्ली पाठवली. ती चार दिवस देवापुढे ठेवली, मग गेले. सगळी काच पुसायची, बघायची, मांडायची म्हणजे एका दिवसाचं काम नाही. तू उत्तर दिलंस आणि ते 'नको' असलं, तर मी पुन्हा कुलूप लावीन.

तुझ्या नातीचा, नेहलचा, मोबाइलवर एक अंगठा आला. "दादीला पत्रं मिळतात," एवढं लिहून खाली अंगठा. अंगठ्याला मी उत्तर समजत नाही.

तुझ्या घरात फिरताना मला राग आला, ते लिहून टाकते. स्वयंपाकघरात वाटीत मूग भिजत घातलेले होते, त्यांचं आता काळं भुस्कट झालं आहे. ओट्यापाशी खाली चहाचा कप फुटलेला, तुकडे तसेच. तू, काचेचा तुकडा दिसला की जेवतं ताट सोडून उठणारी. चष्मा खिडकीत. दाराशी तुझ्या रोजच्या चपला. इतकी कसली घाई होती? माझ्यापासून निघून जायची इतकी घाई, की चपलासुद्धा घातल्या नाहीस?

तुकडे मी गोळा केले. मूग फेकले. वाटी घासली.

मग कपाट उघडलं. सगळं जागच्या जागी होतं. वरच्या फळीवर हैदराबादच्या, छताला टांगायच्या दिव्याच्या हंड्या, मधल्यात अत्तराच्या कुप्या, खाली लोणच्याच्या मोठ्या बरण्या, जुन्या इस्पितळातल्या औषधाच्या बाटल्या, त्यांच्या अंगावर डोसाच्या उठवलेल्या रेघा. मी एकेक काढून फडक्याने पुसत गेले. हंडीला नखाने टिचकी मारली, ती किती वेळ वाजत राहिली. तुझ्या घरात दीड वर्षात तेवढाच आवाज झाला असेल.

आपल्या भांड्यांवर नावं असतात. पितळी तपेलीवर आजोळचं नाव, लग्नाचं साल, कुणी दिलं ते, सगळं कोरलेलं. काचेवर कुणी नाव घालत नाही. या बरण्या कुणाच्या होत्या, कुणी उन्हात ठेवल्या, कुणाचा हात लागून लागून बूड गुळगुळीत झालं, काहीच कळत नाही. तू म्हणायचीस, म्हणूनच मला काच आवडते, ती कुणाचीच राहत नाही. मला हे तेव्हाही पटलं नाही, आताही पटत नाही.

आणखी एक. दैवशालेचं मी खोटं लिहिलं होतं. ती एकदाच आली टेंभुर्णीला. तिला कुकरची रिंग हवी होती. दहा मिनिटांत ती मिळाली आणि "मंग काय करून राह्यलाव अजून काकू, चला की," म्हणून मागे लागली. बरणी वगैरे तिने काही घेतली नाही. तेव्हापासून मी एकटीच जाते. स्टँडवर चहा पिते, समोरच्या रिकाम्या खुर्चीवर पिशवी ठेवते म्हणजे कुणी बसू नये. काही चांगलं मिळालं की परतीच्या गाडीत ते मांडीवर घेऊन बसते, आणि घरी आल्यावर दाखवायला कुणी नसतं. अर्पिता बंगळूरहून रविवारी फोन करते. परवा तिला दौतीचं सांगितलं तर म्हणाली, "आई, ऑनलाइन मिळतात की असल्या."

संतोष, एक शब्द पाठव.

उषा


जालना,
२६ फेब्रुवारी

प्रिय संतोष,

रविवार जवळ आला. दवंडी नाही पिटली, पण राधेश्यामने आपल्या भंगाराच्या दुकानावर पाटी लावली आहे आणि दैवशालेने निम्म्या पेठेला सांगितलं आहे. टेंभुर्णीच्या म्हातारीलाही सांगून आले.

हे पत्र तुला वेळेत मिळणारही नाही कदाचित. तरी लिहिते. तू नको म्हटलंस तर अमनचा रोष पत्करून मी सगळं माझ्याकडे आणीन. माझ्याकडे जागा नाही, तरी आणीन. 'विक' म्हटलंस तर विकीन. काहीच म्हटलं नाहीस, तर मी तुझ्या ओसरीवर परक्या घरात चोरी करायला बसल्यासारखी बसेन. यातलं तिसरं माझ्यावर आणू नकोस.

उषा


जालना,
३ मार्च

प्रिय संतोष,

काल तू सगळं पाहिलंस, तरी लिहिते. फोनच्या पडद्यावर तू येण्याआधीचं तुला माहीत नाही, आणि नंतरचंही नाही.

सकाळी लवकर गेले. ओसरी झाडली. रामनिवास भावजींनी फडताळं, कोनाड्यांच्या चौकटी सगळं उचकटून नेलेलं, भिंती नुसत्या खड्ड्यांच्या. मी घरून धुवट पांढऱ्या चादरी नेल्या होत्या. काच पांढऱ्यावर खरी दिसते, हे तुझंच. ओळीत मांडलं सगळं. मग वाटलं, या घरातला शेवटचा दिवस आहे, दिवा लावावा. देव्हारा कधीच गेला होता, कोनाडाही धड उरला नव्हता. म्हणून जमिनीवरच, चादरीच्या डोक्याशी, एक पणती ठेवली.

बायका यायला लागल्या. येत, उंबऱ्याशी थबकत, डोक्यावर पदर घेत, दुरूनच बघत. कुणी वाकून हंडीकडे बघायची आणि हात मागे घ्यायची. मी म्हणत होते, "घ्या ना हातात, बघा." त्या म्हणत, "असू द्या असू द्या," आणि बाहेर जाऊन दैवशालेशी कुजबुजत. दुपार व्हायला आली तरी एक कुपी हलली नव्हती. राधेश्याम ओट्यावर मांडी घालून पेपर वाचत बसला होता. मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही दगदग नका करून घेऊ. संध्याकाळी शेवटी मीच हाय." पोत्यांची चळत त्याने स्कूटरवर आणूनच ठेवली होती. पोत्यात भरणार होता तो तुझ्या हंड्या.

शेवटी दैवशाला आत आली. "काकू, एक बोलू का? रागावू न्हका. बाया म्हणून राह्यल्यात, मयताचं सामान हाय."

"कुणाचं मयत?"

"संतोषबाईंचं. पांढरी चादर, खाली दिवा. आन् घर असं अचानक विकायला काढलं. पितळ असतं तर नेलं असतं म्हणत्यात. पितळ चिंचेनं घासलं, जाळावर धरलं, कल्हई केली की झालं मोकळं. काचेला काय करावं? काचेला ना राख, ना कल्हई. गेलेल्या माणसाचं ऱ्हातंय तिच्यात."

मी उठून बाहेर गेले आणि सांगितलं, की बाई जिवंत आहेत, सुरतेला मुलाकडे आहेत. पेठेतली एक म्हातारी माझ्याकडे फार मायेने बघायला लागली. "असंच वाटतं बाई सुरवातीला," ती म्हणाली. "माझी भैन गेल्ती तवा मला बी असंच वाटायचं."

एक क्षण, संतोष, मलाच वाटलं की तिचं खरं असेल. दीड वर्षात मी तुझा आवाज ऐकला नव्हता. तू आहेस याचा माझ्याकडे पुरावा काय, तर एक अंगठा.

तेव्हा मी फोन लावला. तुझ्यासाठी नाही लावला, तुझ्या हंड्या पोत्यात जाऊ नयेत म्हणून लावला, असं मी मला सांगितलं. नेहलने उचलला. मी म्हटलं, "दादीला दे, आणि चित्र दिसू दे." खूप वेळ नुसता पंखा फिरताना दिसला. मग एका बाजूने तुझा गाल, कान, कानातली कुडी. माझं तोंड तुला दिसू नये म्हणून मी कॅमेरा चादरींकडे वळवून धरला होता.

तुझा पहिला शब्द मला आयुष्यभर पुरेल. दीड वर्षानंतर तू म्हणालीस, "दिवा... उचल आधी. कोण मेलं?"

सगळ्या ओसरीवर हसू फुटलं. ती म्हातारी पुढे आली आणि फोनमध्ये तोंड घालून म्हणाली, "बाई, तुमी हाव का?"

"हाय की. तुम्ही उचलून ठेवलं का मला?"

"बोलायला जड जाऊन राह्यलं वाटतं?"

"दाढ काढली," तू म्हणालीस. "उषा, चादर कशाला पांढरी? लाल फडकं... नाही का घरात?"

मी दिवा उचलला. दैवशालेने धावत जाऊन तिच्या लग्नातला लाल शालू आणून काचेखाली अंथरला. मग मी तुला हळू आवाजात विचारलं, विकू ना. तू म्हणालीस, "विक गं. विकायला बसलीस ना, मंग विचारते काय?" इतकी पत्रं मी ज्या शब्दासाठी लिहिली तो शब्द तू असा, गर्दीत, एखाद्या गिऱ्हाइकाला सांगावं तसा दिलास. मला वाटलं होतं तो आला की हलकं वाटेल. तसं झालं नाही. पण हात कामाला लागले.

मग तू दुकान चालवलंस. अप्पाराव म्हणून एक शेतकरी आले केदारखेड्याचे, तुमच्या कापडाच्या दुकानातून लुगडी नेलेली म्हणे त्यांनी. "बाई, ही चिमणी माझ्या कंदिलाला बसंल का?"

"कंदील आणला?"

"न्हाई की."

"मंग मी हितून कशी सांगू? बायको घेताना तरी माप घेतलं होतं का?"

"तवा कुठं कोण इचारलं मला," ते म्हणाले. "बसली ती बराबर, चाळीस साल झालं."

"मंग ही पण बसंल. न्या."

लोणच्याच्या बरण्या त्या म्हातारीच्या सुनेने घेतल्या. मी मध्ये पडून सांगत होते, की या जुन्या आहेत, नीट काचेच्या कपाटात ठेवा. तू माझं बोलणं तोडलंस. "लोणचंच घाल, बाई. शोसाठी ठेवू नको." त्या बरणीला आपण कधी पाण्याचा थेंब लागू दिला नव्हता. तू हसत होतीस, मला ऐकू येत होतं. अत्तराच्या कुप्या कॉलेजच्या मुलींनी नेल्या. औषधाच्या बाटल्या एका डॉक्टरीणबाईंनी. हंड्यांसाठी राधेश्यामलाच मोल करावं लागलं, आणि तुझ्यापुढे त्याची डाळ शिजली नाही. "मॅडम, यांना फोनवर कशाला बोलावलं," असं तो मला म्हणत होता.

चार वाजेपर्यंत शालूवर काही उरलं नाही. बायका गेल्या. दैवशाला शालू घडी करून घेऊन गेली. मी ओसरीवर एकटी, हातात फोन, त्यात तुझा अर्धा गाल.

तू म्हणालीस, "माझ्यासाठी काही ठेवलं नाहीस ना? ठेवू नको. जागा नाही हितं. नेहलच्या खोलीत झोपते मी." मग, "तुझी ती दैवशाला मला पहिल्याच पत्रात खोटी वाटली."

आणि मग म्हणालीस, "आता तू दिस."

मी कॅमेरा वळवला. तू कितीतरी वेळ बघत राहिलीस. "केस पांढरे झाले गं," म्हणालीस. मी म्हटलं, "तू पण नीट दिस. किती वेळ एका बाजूने बसली आहेस." नेहलनेच फोन लांब धरला.

तुझा चेहरा मी पाहिला. ओठाची एक कड खाली आलेली. उजवा हात मांडीवर, कुणी दुसऱ्याने आणून ठेवल्यासारखा.

"कधी?" मी विचारलं.

"अंबडहून आलो ना. दुसऱ्या दिवशी सकाळी. चहाचा कप... पडला हातातून. उचलायला वाकले तर हातच येईना. रामनिवासने उचलून गाडीत घातलं."

"मला कुणी सांगितलं नाही."

"कुणालाच नाही सांगितलं. नेहलसाठी स्थळ बघून राह्यलेत. घरात असलं काही हाय म्हटलं की लोक मागं सरकतात. त्यांचंही बराबर हाय."

"मी त्या 'कुणालाच'मध्ये येते का, संतोष?"

मागून अमनचा आवाज आला, "मम्मी, बस आता, थकशील." तो फोनवर आला आणि फार आदराने बोलला. "काकू, तुमचे उपकार आहेत. हे तेवढं तुमच्याजवळच ठेवा, नेहलचं जमेपर्यंत." मी म्हटलं, मी दोन दिवस येऊन जाते. तो म्हणाला, "बघू काकू. सध्या मुलाकडचे येऊन-जाऊन असतात." मग पडदा काळा झाला.

कुलूप लावलं, किल्ली रामनिवास भावजींकडे दिली. या खेपेला त्यांनी आत या म्हटलं. मी गेले नाही.

पत्रांना उत्तर का येत नव्हतं, ते आता कळलं. तो हात लिहिणारा होता. आणि दुसऱ्या कुणाच्या हाताने लिहून घ्यायची नाहीस तू, हे मला कळायला हवं होतं. तुझं घर उघडलं तेव्हा तुझी घाई मी माझ्यावर घेतली. फुटलेला कप समोर होता, तरी.

आज सकाळी उठले तेव्हा नेहमीप्रमाणे मनात तुझ्याशी भांडायला लागले. रोज तशीच उठते मी. चहा करताना तुला विचारायचं, का न सांगता गेलीस. भाजी चिरताना तुझ्या वतीने उत्तर द्यायचं, ते खोडून काढायचं. दुपारी पुन्हा. दीड वर्ष असा दिवस भरायचा. आज चहा ठेवला, तोंड उघडलं आणि आठवलं की तू गेलीच नव्हतीस, तुला नेलं होतं. भांडायला कुणी उरलं नाही. घरात इतकं शांत मला कधी वाटलं नव्हतं, भागवत गेले तेव्हासुद्धा नाही. तू माझ्यावर रागावून गेली आहेस असं वाटत होतं तोवर, संतोष, तू इथेच कुठेतरी होतीस, दोन गल्ल्या टाकून.

औषध वेळेवर घे. डाव्या हाताने लिहायचा सराव कर, कितीही वाकडं आलं तरी चालेल.

तुझी,
उषा